बाळंतपणाचा दवाखाना कसा निवडावा?

बाळंतपण हा आजार नव्हे. बहुतेक बाया सुखरूप बाळंत होतात. मग दवाखान्याची एवढी घाई कशाला, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की बहुतेक बाळंतपणे सुखरूप होतात हे खरे, पण अडचण कोणाला येणार हे आधी नेहमी कळत नाही. नऊ महिने ठणठणीत असलेल्या बाईलाही ऐन वेळी रक्तस्राव होतो. रस्ता रोजचा असला तरी शहाणा गाडीवान गाडीत दोर ठेवतोच. दवाखाना हा तसा दोर आहे.

जुनी माणसे काय म्हणतात, तेही ऐकू. सून गरोदर असते. आशाताई घरी येते. सासू म्हणते, "अगं पोरी, आमच्या टायमाला कुठं होते दवाखाने? मी पाच खेपा घरातच मोकळी झाले. सुईण यायची, झालं."

आशाताई म्हणते, "खरं आहे, आत्या. पण पाचांतली जगली किती?"

सासू थोडा वेळ गप्प बसते. मग म्हणते, "तीन."

अशी गोष्ट पूर्वी घरोघर होती. कल्याणच्या आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला. तो दहाच दिवस जगला. बायांना वैद्यकीय मदत मिळत नाही याचे त्यांना फार दुःख झाले. पुढे त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्या काळी दवाखाना फार थोड्यांच्या वाट्याला येत होता. आज तसे नाही.

महाराष्ट्रात २००५-०६ साली शंभरातली सुमारे पासष्ट बाळंतपणे दवाखान्यात होत असत. २०१९-२१ च्या पाहणीत हा आकडा सुमारे पंच्याण्णववर गेला. त्याबरोबर माताही वाचू लागल्या. २००४-०६ या काळात आपल्या राज्यात एक लाख बाळंतपणांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० या काळात हा आकडा ३३ वर आला. यात रस्ते, शिक्षण, पोटाला मिळणारे अन्न या सर्वांचा वाटा आहे. पण दवाखान्याचा वाटा मोठा आहे.

तेव्हा आता प्रश्न 'घर की दवाखाना' हा नाही. प्रश्न आहे 'कोणता दवाखाना?' त्याचाच विचार येथे करू.

मोठी इमारत म्हणजे चांगला दवाखाना नव्हे

दवाखाना आपण कसा ठरवतो? शेजारणीची सून जिथे गेली तिथे जातो. नाहीतर काचेचे दार पाहून जातो. नाहीतर कळा सुरू झाल्या की जी गाडी मिळेल ती जिकडे नेईल तिकडे जातो. बैल घेताना मात्र आपण दात पाहतो, चाल पाहतो, चार गावचे बाजार हिंडतो. बाळंतपणाला त्याहून अधिक चौकशी करायला हवी.

दवाखान्याच्या पायऱ्या असतात. त्या समजून घ्या.

पहिली पायरी उपकेंद्र. येथे परिचारिका असते. आपण तिला नर्सबाई म्हणतो. साधे बाळंतपण करण्याचे शिक्षण तिला असते.

दुसरी पायरी प्राथमिक आरोग्य केंद्र. येथे डॉक्टर असतात. साध्या बाळंतपणाची सोय असते. पोट उघडून बाळ काढण्याची सोय येथे सहसा नसते.

तिसरी पायरी ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय. यांपैकी काही ठिकाणी शस्त्रक्रिया होते, काही ठिकाणी होत नाही. ते विचारूनच घ्यावे लागते.

चौथी पायरी जिल्हा रुग्णालय किंवा स्त्री रुग्णालय. येथे शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय असते. कमी दिवसांच्या किंवा आजारी बाळाला ठेवण्याचा विभागही बहुतेक जिल्ह्यांत असतो.

यांच्या जोडीला खाजगी दवाखाने आहेत. त्यांत काही लहान, काही मोठे. काही फार चांगले, काही नुसते पाटीचे.

मग यांतला कोणता निवडावा? याचे उत्तर इमारतीत नाही. ते गरोदर बाईच्या कार्डात आहे.

आधी कार्ड वाचा

गरोदर बाईची नोंद झाली की तिला माता व बाल संरक्षण कार्ड मिळते. पुष्कळ घरांत ते फडताळात पडून राहते. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. ते कार्ड काढा आणि वाचा. त्यात वजन असते. रक्तदाब, म्हणजे आपण ज्याला बीपी म्हणतो तो, लिहिलेला असतो. रक्ताचे प्रमाण, म्हणजे हिमोग्लोबिन, लिहिलेले असते.

हिमोग्लोबिन ११ किंवा वर असले तर ठीक. त्याखाली असले तर बाईच्या अंगात रक्त कमी आहे. ७ च्या खाली असले तर फार धोका आहे. अशा बाईचे थोडे जरी रक्त गेले तरी तिला ते सोसत नाही. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त असला तर तोही धोका समजावा.

पुढील बाया जोखमीच्या समजाव्या:

१. वय अठराच्या आत किंवा पस्तिसाच्या पुढे आहे.
२. उंची फार कमी आहे.
३. आधीचे बाळंतपण पोट उघडून झाले आहे.
४. आधीच्या खेपेला फार रक्त गेले, किंवा बाळ दगावले.
५. पोटात जुळे आहे, किंवा बाळ आडवे वा पायाळू आहे.
६. रक्तदाब किंवा साखर वाढली आहे.
७. रक्त फार कमी आहे, किंवा सिकलसेलचा आजार आहे.
८. ही चौथी किंवा त्यापुढची खेप आहे.

यांतली एक जरी गोष्ट असली, तरी डॉक्टरांना विचारून मोठा दवाखाना ठरवावा. जिथे शस्त्रक्रिया होते, रक्त मिळते आणि भूल देणारे डॉक्टर येतात, असा. यांतले काहीच नसले, तर जवळचे चांगले आरोग्य केंद्र पुरे. उगाच साठ मैल जाण्याचे कारण नाही.

हे ठरवायला तपासणी हवी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. हे २०१६ सालापासून सुरू आहे. चौथ्या महिन्यानंतर ही तपासणी चुकवू नये. तेथेच डॉक्टरांना सरळ विचारावे, "डॉक्टरसाहेब, हिचे बाळंतपण कुठे करणे बरे?"

एक नव्हे, दोन दवाखाने ठरवा

ही या पाठातली मुख्य गोष्ट आहे. ती नीट ध्यानात घ्या.

बाई ठणठणीत असली तरी ऐन वेळी अडचण येऊ शकते, हे आपण वर पाहिले. बाळ झाल्यावर फार रक्त जाऊ लागले तर दोन तासांत बाई दगावू शकते. दोन तास म्हणजे किती? गाडी शोधायला, पैसे जमवायला आणि घरातल्या माणसांचा सल्ला घ्यायला आपल्याला दोन तास सहज लागतात. म्हणून विचार आधीच झालेला हवा.

तेव्हा पहिला दवाखाना जवळचा ठरवा आणि दुसरा मोठा. पहिल्या ठिकाणी अडले तर दुसऱ्या ठिकाणी कोण नेणार, कोणत्या गाडीने, किती वेळात, हे आजच विचारून ठेवा. जोखमीच्या बाईला पहिल्यापासूनच मोठ्या दवाखान्यात न्या.

१०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. गरोदर बायांसाठी १०२ हा क्रमांकही आहे. दोन्ही फुकट. तरीपण गावातल्या एका जीपवाल्याला किंवा रिक्षावाल्याला सांगून ठेवा. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली असली तर खोळंबा नको.

पावसाळ्यातले बाळंतपण असेल तर ओढ्याचा विचार करा. ओढ्याला पूर आला की पलीकडचे केंद्र असून नसल्यासारखे. अशा वेळी दिवस भरत आले की आठ-दहा दिवस आधीच अलीकडे येऊन राहावे. एखाद्या नातेवाइकाचे घर पाहावे. आदिवासी भागात काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात 'माहेरघर' असते. बाळंतपणाच्या काही दिवस आधी बाई तेथे येऊन राहू शकते. डोंगरातल्या पाड्यांवरच्या बायांना याचा मोठा आधार आहे.

पहिले बाळंतपण माहेरी

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. रीत चांगली आहे. पोरीला आईजवळ धीर येतो. पण यात एक घोटाळा होतो. तपासण्या सासरच्या गावी झालेल्या असतात, आणि बाळंतपण माहेरच्या गावी. माहेरच्या डॉक्टरांना बाईची काहीच माहिती नसते. कधी कधी कार्डसुद्धा सासरी राहते. सासरचे समजतात माहेरच्यांनी ठरवले असेल, माहेरचे समजतात सासरच्यांनी ठरवले असेल. ठरवलेले कोणीच नसते.

यावर उपाय सोपा आहे. सातव्या महिन्यात आपण डोहाळजेवण करतो. दोन्हीकडची माणसे त्या दिवशी जमतात. ओटी भरून झाली, जेवणे झाली, की विहीणबाई-व्याह्यांनी बसून दोन्ही दवाखाने ठरवावेत. पोर माहेरी निघाली की बांगड्या-साड्यांच्या आधी कार्ड पिशवीत घालावे. रक्ताचे, लघवीचे आणि सोनोग्राफीचे कागद घालावेत. आधार कार्ड आणि बँकेचे पुस्तक घालावे. सासरच्या आशाताईने माहेरच्या आशाताईला फोन करावा. पोर माहेरी पोचली की आठवड्याच्या आत तेथल्या केंद्रात नोंद करावी.

दवाखान्यात जाऊन काय पाहावे?

ठरवण्याआधी एकदा स्वतः जाऊन या. घरातल्या एका कर्त्या बाईने आणि एका पुरुषाने जावे. भीड धरू नये. पुढील गोष्टी पाहाव्या आणि विचाराव्या.

रात्री कोण असते? बाळंतपणे रात्री-अपरात्रीही होतात. दिवसा डॉक्टर आणि रात्री कुलूप, असा दवाखाना आपल्या कामाचा नाही.

वीज गेली तर काय? बॅटरी किंवा जनरेटर आहे का?

शस्त्रक्रिया होते का? भूल देणारे डॉक्टर येथेच असतात की शहरातून बोलवावे लागतात? यायला किती वेळ लागतो?

रक्त कोठून आणता? येथे साठा आहे का, की तालुक्याला जावे लागते?

बाळ रडले नाही तर काय करता? चांगल्या ठिकाणी बाळाच्या तोंडावर धरून श्वास देण्याची लहान पिशवी असते. ती वापरणारे माणूस बाळंतपणाच्या वेळी हजर असते. बाळाला ऊब देण्याची सोय असते. पहिल्या तासातच बाळाला आईच्या अंगावर पाजायला घेतात. मध, गुटी, साखरपाणी देत नाहीत.

घरची एक बाई जवळ थांबू देता का? कळा देणाऱ्या बाईचा हात धरायला आई, सासू किंवा बहीण असावी. तिने धीर येतो.

नळाला पाणी आहे का, हात धुण्याला साबण आहे का, आणि बायांचा संडास स्वच्छ आहे का? हे मात्र विचारू नका, डोळ्यांनी पाहा.

हात धुण्याची गोष्ट

हात धुण्याला एवढे महत्त्व का, याची एक खरी गोष्ट सांगण्याजोगी आहे. ती दूर देशातली आहे, पण तिचा धडा आपल्या कामाचा आहे.

युरोपात ऑस्ट्रिया नावाचा देश आहे. त्याची राजधानी व्हिएन्ना. तेथे एक मोठे इस्पितळ होते. त्यात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात शिकणारे डॉक्टर बाळंतपण करीत. दुसऱ्यात सुइणी करीत. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी तापाने मेल्या. सुइणींच्या विभागात तीनसुद्धा नाही. शहरातल्या बायांना हे कळले होते. 'आम्हाला पहिल्या विभागात घालू नका' म्हणून त्या हातापाया पडत.

सेमेलवाइस नावाचे डॉक्टर तेथे होते. त्यांनी विचार केला. शिकणारे डॉक्टर सकाळी मुडदे चिरून शिकत आणि तसेच बाळंतिणीकडे येत. सुइणी मुडद्यांना हात लावीत नसत. १८४७ साली सेमेलवाइस यांनी नियम केला. क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुतल्यावाचून कोणी बाळंतिणीला शिवायचे नाही. आपली ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकते ना, त्याच जातीची ही पूड. पुढल्या वर्षी, १८४८ साली, त्या विभागात शंभरातली एक-दोनच बाई दगावली.

इमारत तीच, खाटा त्याच, डॉक्टरही शिकलेले. फरक फक्त धुतलेल्या हातांचा. तेव्हा ज्या दवाखान्यात हात धुण्याचे पाणी नाही, तिथल्या काचेच्या दाराला भुलू नका.

पैशाची गोष्ट

सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. त्याप्रमाणे साधे बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त आणि दवाखान्यात असेपर्यंतचे जेवण मोफत मिळते. घरून नेण्याची, मोठ्या दवाखान्यात हलवण्याची आणि परत घरी पोचवण्याची गाडीही मोफत आहे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. हा आपला हक्क आहे. 'मुलगा झाला, पेढे काढा' म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नये. वरच्या डॉक्टरांना सांगावे.

खाजगी दवाखान्यात जायचे असेल तर आधी दर वाचा. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमाप्रमाणे खाजगी दवाखान्याने आपले दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद लोकांना दिसेल अशी लावली पाहिजे. नोंदणीचे प्रमाणपत्रही पाहा. साध्या बाळंतपणाचे किती, शस्त्रक्रियेचे किती, खोलीचे किती, बाळाला वेगळे ठेवावे लागले तर रोजचे किती, हे कागदावर लिहून घ्या. पोरीच्या बाळंतपणासाठी शेत गहाण टाकण्याची पाळी येऊ देऊ नका.

आता शस्त्रक्रियेविषयी. लोक त्याला सिझर म्हणतात. काहींना त्याची फार भीती, काहींना फार हौस. दोन्ही बरे नव्हे. गरज असेल तेव्हा त्याने आई आणि बाळ दोघेही वाचतात. गरज नसेल तर ती पोटावरची मोठी जखम आहे, आणि पुढच्या खेपेला जोखीम वाढते. २०१९-२१ च्या पाहणीत आपल्या देशात खाजगी दवाखान्यांतली शंभरातली सुमारे ४७ बाळंतपणे शस्त्रक्रियेने झाली. सरकारी दवाखान्यांत सुमारे १४. अवघड बाया सरकारीतही जातात. तेव्हा एवढा फरक का, असा विचार मनात यावा. मुहूर्तासाठी शस्त्रक्रिया मागू नये. डॉक्टरांनी सांगितली तर कारण विचारावे. 'बाळाचे ठोके कमी झालेत', 'बाळ आडवे आहे', असे कारण त्यांनी सांगितले तर मग सहीला उशीर करू नये. सही करणारा माणूस जवळ हवा. तो बाजाराला गेलेला नको.

बाळ झाले, आता घरी?

घाई करू नका. साधे बाळंतपण झाले तरी दोन दिवस दवाखान्यात राहा. पहिले काही तास तर फार जपण्याचे असतात. रक्त जास्त जाणे, ताप, झटके, बाळाचे न पिणे, ही संकटे बहुधा याच दिवसांत येतात. घरी गुरांना पाणी कोण पाजणार, ही चिंता खरी आहे. पण तिची सोय भावकीत होते. गेलेल्या जिवाची सोय कोणी करू शकत नाही.

निघण्यापूर्वी बाळाला पहिल्या लसी दिल्या का, ते कार्डात पाहा. जन्माची नोंद झाली का, तेही विचारा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. शाळेतल्या जुन्या रजिस्टरांत कितीतरी मुलांची जन्मतारीख १ जून असे. त्या सगळ्यांचा जन्म १ जूनचा नव्हता. घरी जन्मलेल्या पोराची तारीख आईबापांना सांगता येत नसे, म्हणून शाळेत नाव घालताना ती लिहिली जाई. आपल्या बाळाला त्याची खरी तारीख मिळू द्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेपासून पुढे सर्वत्र जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागतो.

भिंतीवर लावायचा कागद

तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी गरोदर बाई असेल, तर आज एक कोरा कागद घ्या. त्यावर मोठ्या अक्षरांत, स्वतःच्या हाताने, पुढील गोष्टी लिहा.

१. बाईचे नाव. दिवस भरण्याची तारीख. रक्तगट.
२. जवळचा दवाखाना. तेथला फोन.
३. मोठा दवाखाना. तेथला फोन. पोचायला लागणारा वेळ.
४. १०८ आणि १०२.
५. जीपवाल्याचे नाव व फोन.
६. आशाताईचा फोन.
७. सोबत कोण जाणार. घरी कोण राहणार. रक्त कोण देणार.

कागद दाराजवळ लावा. त्याखाली लिहा: 'पुढीलपैकी काही झाले तर वाट पाहू नये, लगेच निघावे. अंगावरून रक्त जाणे. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी. झटके. पाणी जाणे. बाळाची हालचाल कमी होणे. फार ताप.'

कागद घरातल्या सगळ्यांना एकदा मोठ्याने वाचून दाखवा. ज्याला वाचता येत नाही त्याला दोनदा वाचून दाखवा.

उत्तरे द्या

१. मोठी इमारत म्हणजे चांगला दवाखाना, हे बरोबर आहे का? का?
२. दोन दवाखाने का ठरवावे?
३. तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात रात्री कोण असते? माहीत नसल्यास या आठवड्यात विचारून या.
४. तुमच्या गावापासून शस्त्रक्रिया होणारा सर्वांत जवळचा दवाखाना कोणता? पावसाळ्यात तेथे पोचायला किती वेळ लागतो?